चिखलीच्या आज्जी आणि भिंतभर पंचगंगा

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा डोक्यात फक्त मिसळ होती. पण दसरा चौकात शाहू स्मारकच्या दारात पंचगंगेचा भलाथोरला फोटो दिसला, आतल्या फोटो प्रदर्शनात शिरलो, आणि मिसळ राहिलीच.

सुरुवात प्रयाग चिखलीच्या संगमापासून. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. पाचवी सरस्वती गुप्त, त्यामुळे तिचा फोटो नाही.

मी रेंगाळलो ते बंधाऱ्याच्या जोडीपाशी. एकाच जागेवरून काढलेले दोन फोटो. उन्हाळ्यातल्या फोटोत खांबांमध्ये बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, मागे पाणी निवांत तुंबलेलं. पावसाळ्यातल्यात बरगे काढलेले, नुसते खांब आणि त्यांच्यामधून सुटलेला गढूळ लोंढा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा परीक्षेपुरता पाठ केला होता. बरग्यांच्या फटीतून पाझरणारी बारीक धार आज पाहिली.

केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा, फोटो मात्र खटकला. इतका देखणा हिरवा, की शाळेतलं एक पोरगं म्हणालं, "केवढं ग्राउंड!" नदीत सांडपाणी मिसळतं म्हणून हे माजतं, एवढी एक ओळ खाली हवी होती. फोटोग्राफर रंगाला भुलला, दुसरं काय.

खरी गर्दी २०१९ च्या महापुरापाशी. शिरोलीजवळ हायवे पाण्यात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही पुण्यात पाऊस मिलिमीटरात मोजतो, इथं पोरासोरांनाही फूट पाठ.

शेवटच्या फोटोत नुसती कौलं आणि झाडांचे शेंडे. चिखलीच्या एक आज्जी फोटोवर बोट टेकवून उभ्या होत्या.

"ह्यो चिंचंचा शेंडा. म्हंजे डाव्या अंगाला आमचा गोठा."

"आज्जी, हात नको लावू," नातू कुजबुजला.

"आरं, आपल्याच घराला लावतीया न्हवं?"

दारातल्या वॉचमननं ते पाहिलं आणि तोंड फिरवून बाहेर बघत बसला.

संध्याकाळी घाटावर गेलो. पाणी पार खालच्या पायऱ्यांना, पलीकडे शिवाजी पूल. चहावाल्याला विचारलं, "पुरात पाणी कुठवर येतं हो?"

त्यानं गाळणं झटकलं. "साल सांगा आधी, पावणं. २००५, २०१९ का २०२१?"