गोलाई बाल्कनीत हवी की भिंतीत?

वळणदार निवासी टॉवरबद्दल मत विचारा, दोन टोकं हमखास ऐकू येतात: "काय देखणी इमारत आहे!" आणि "दिसायला ठीक, राहणाऱ्याला काय उपयोग?" लोक अशा इमारतींना टोपणनावंही पटकन ठेवतात. कॅनडातल्या मिसिसागामधला पिळदार टॉवर 'मेरिलिन मन्रो' झाला, शिकागोच्या मरीना सिटीची जोडी 'मक्याची कणसं' झाली. पण ही सगळी मतं रस्त्यावरून दिलेली असतात.

2013 साली संशोधक ओशिन वार्तानियन आणि सहकाऱ्यांनी लोकांना खोल्यांची चित्रं दाखवली. सरळ रेषांच्या खोल्यांपेक्षा गोलाईच्या खोल्या सुंदर ठरल्या. मात्र आत जाल की बाहेर पडाल, या प्रश्नाच्या उत्तरात आकारामुळे फरक पडला नाही. प्रयोग चित्रांवरचा होता, तरी निष्कर्ष मला पटतो. आवडणं वेगळं, राहायला जाणं वेगळं. राहायचं असेल तर आधी एकच गोष्ट बघावी: गोलाई नेमकी आहे कुठे?

शिकागोचा अ‍ॅक्वा टॉवर (2009, वास्तुविशारद जीन गँग यांचा स्टुडिओ) लाटांसारखा दिसतो. लाटा आहेत फक्त स्लॅबच्या कडेला. काही ठिकाणी बाल्कनी 3.7 मीटरपर्यंत बाहेर येते, पण काचेची रेषा सरळ आहे आणि आतल्या खोल्या नेहमीसारख्या काटकोनी. वर त्या वेड्यावाकड्या कडा वारा फोडतात, त्यामुळे डोलणं कमी करायला माथ्यावर वेगळं वजन टांगावं लागलं नाही. टीकाही झाली, आणि ती रास्त आहे: थंड हवेत काँक्रीटचा स्लॅब आतून बाहेर सलग नेला की घरातली ऊब त्यातून निसटते.

मरीना सिटीत उलट. तिथे घरच पाचरीसारखं, टॉवरच्या मधल्या गाभ्याकडे अरुंद आणि बाल्कनीकडे रुंद. उजेड आणि नजारा झकास, पण तयार फर्निचर लावताना कस लागतो.

भिंतीतल्या गोलाईचा हिशोब सोपा आहे. कपाटाच्या लांबीचा वर्ग भागिले भिंतीच्या त्रिज्येच्या आठ पट, की कपाट आणि भिंतीमधली फट मिळते. 10 मीटर त्रिज्येच्या भिंतीला 1.8 मीटरचं कपाट लावलं तर मध्ये सुमारे 40 मिमी फट राहते. भिंत खोलीच्या आत फुगलेली असेल तर कपाट मध्ये टेकतं आणि दोन्ही टोकांना तेवढीच फट पडते. तिथे धूळ साचते, आणि सुताराने पट्टी मारली तरी ती डोळ्यांत खुपते. खिडक्यांचंही तसंच. स्लायडिंगची चौकट सरळच लागते, म्हणून बहुतेक ठिकाणी गोलाई म्हणजे खरं तर छोट्या सपाट काचांची साखळी असते. 20 मीटर त्रिज्येवर 1.5 मीटर रुंद काचा बसवल्या तर प्रत्येक सांध्याला जेमतेम 4.3 अंशांचा कोन येतो. दुरून तो कळत नाही. खरी वाकवलेली काच घेतली तर ती फुटल्यावर त्याच त्रिज्येची दुसरी बनवून घ्यावी लागते आणि तोवर फळी ठोकून बसावं लागतं.

बाल्कनीतली गोलाई त्यामानाने माफक त्रास देते, पण गवंड्याची परीक्षा तिथेच होते. स्लॅबच्या कडेचं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) सरळ फळ्यांनी करायचं असेल तर 10 मीटर त्रिज्येला 600 मिमीच्या तुकड्यात गोलाईपासून 4.5 मिमीचा फरक पडतो, तो प्लॅस्टरमध्ये झाकता येतो. 1.2 मीटरच्या फळीला तोच फरक 18 मिमी होतो. मग कड तुकड्यातुकड्यांची दिसते आणि त्यावरचं गोल वाकवलेलं रेलिंग कुठे आत, कुठे बाहेर जातं.

त्याहून अवघड उताराचं. 100 ला 1 उतार धरला तर 1 मीटर खोल बाल्कनीत पाणी 10 मिमी खाली उतरायला हवं, 3.7 मीटरच्या भागात 37 मिमी. घराकडची आणि बाहेरची अशा दोन्ही कडा आपापल्या एकाच पातळीत ठेवल्या तर उतार जागोजागी बदलतो, पृष्ठभाग पिळतो आणि 600 मिमीची मोठी लादी कुठेतरी हलतेच. अशा ठिकाणी लहान लादी लावावी किंवा काँक्रीटवरच पाणीरोधक थर देऊन मोकळं सोडावं. स्लॅबच्या खालच्या बाजूची पाणी तोडणारी खाचही वळणाबरोबर वळायला हवी. सरळ पट्टीचे तुकडे जोडून केली की प्रत्येक सांध्यातून पाणी मागे सरकतं आणि खालच्या घराच्या छताला डाग पडतात.

आत वळणारी काचेची भिंत हा वेगळा धोका. लंडनच्या 20 फेनचर्च स्ट्रीटने 2013 मध्ये ऊन एकवटून रस्त्यावरच्या गाडीचे भाग वितळवले होते. ती कार्यालयाची इमारत, पण ऊन भेदभाव करत नाही. समोर बाग किंवा पोहण्याचा तलाव असेल तर ऊन कुठे एकवटतं ते आधी विचारून घ्या.

घर बघायला जाताना 3 मीटर दोरी आणि मोजपट्टी न्या. खोलीतून खोलगट दिसणाऱ्या भिंतीच्या दोन बिंदूंत दोरी ताणून मधली फट मोजा. 75 मिमी आली तर त्रिज्या 15 मीटर. मोठं कपाट तिथे सुतारालाच करायला सांगावं लागेल. 20 मिमीच्या आत असेल तर तयार कपाट चालेल.