हार्डवेअरच्या दुकानाने भावावर भांडू नये

किनाऱ्यावरच्या हार्डवेअर-इलेक्ट्रिकच्या दुकानाने मिक्सर नि टेबलफॅनच्या भावात ऑनलाइनशी झुंजणं म्हणजे हमखास तोटा. तोच बंद खोका, तीच कंपनी. गिऱ्हाईक मोबाईल काढून किंमत दाखवणारच. अशा मालाचे दोन-दोन नग पुरे. पैसा घालायचा तो सुट्या बारीकसारीक मालात, कारण तिथे गिऱ्हाइकाला वस्तूचं नावच ठाऊक नसतं.

पंखा हळू फिरतो म्हणून नवा घ्यायला आलेला माणूस घ्या. बरेचदा कपॅसिटर, म्हणजे पंख्याच्या मोटरला जोर देणारा छोटा भाग, उतरलेला असतो. छताच्या पंख्याला तो साधारण २.५ मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरचं माप) लागतो. कपॅसिटर मोजणारा मल्टिमीटर काउंटरवरच ठेवा. जुना १.८ दाखवत असेल तर दुखणं सापडलं. बदली मात्र जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच द्या; मोठा लावला तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापतं.

खाऱ्या वाऱ्यात नुसतं 'स्टेनलेस' म्हणून भागत नाही. मालवण-वेंगुर्ल्याला समुद्रासमोरच्या घरात २०२ ग्रेडची बिजागरी लवकर गंजते, ३०४ वरही तपकिरी डाग येतात. ३१६ जास्त टिकते, कारण तिच्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा गंज रोखणारा धातू असतो. चुंबक लावून २०२ आणि ३०४ ओळखता येत नाहीत, तेव्हा ग्रेड बिलावर लिहून घ्या, बरणीवर लिहा आणि गिऱ्हाइकाला विचारा, घर दर्यापासून किती लांब? हा प्रश्न कुठलंही ॲप विचारत नाही.

जांभ्या दगडाच्या भिंतीचंही तसंच. ड्रिल हॅमरवर, म्हणजे ठोके देत, चालवलं की चिरा भुगा होऊन भोक मोठं होतं आणि स्क्रूसाठी भोकात बसवलेला प्लास्टिकचा प्लग फिरत राहतो. हॅमर बंद, बिट प्लगपेक्षा एक नंबर लहान, भोकातली माती फुंकून काढायची, स्क्रू लांब. स्क्रू देताना एवढं सांगितलं की तो माणूस पुढच्या खेपेलाही दुकानातच येतो.

आता आपल्या चुका. पावसाळ्यात उघड्या डब्यातले खिळे गंजतात आणि तेच विकले जातात. झाकणाच्या बरण्या घ्या, जमिनीवर काही ठेवू नका. दुपारी १ ते ४ शटर खाली असेल तर गूगलवर तशी वेळ टाका, वाडीवरून आलेला माणूस परत जाता कामा नये. सगळ्यात वाईट म्हणजे 'मागवून देतो' म्हणून विसरणं. वहीत नाव, नंबर, तारीख लिहा आणि माल आला नाही तरी संध्याकाळी फोन करा.

चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस तर दवडूच नका. चाकरमान्यांना मुंबईहूनच हव्या त्या वस्तूचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा, शेजारी मापाची टेप धरून. नळाचा स्पिंडल, म्हणजे आतला फिरणारा दांडा, मापाशिवाय ओळखू येत नाही. पैसे यूपीआयवर घ्या, पिशवीवर वाडी आणि घराचं नाव लिहा आणि त्या बाजूला जाणाऱ्या रिक्षात ठेवा.