शिडी धरली

"बाई, तठे जाईसन काय करं तुमी?"

नंदुरबारच्या भाजीबाजारात, नात्यातल्या लग्नात, आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बायकांच्या प्रार्थनेतसुद्धा मला हे विचारलं जातं. तठे म्हणजे नेपाळात. २०१९ ची दिवाळी आटोपली आणि आमच्या मंडळीतले आम्ही चौघं पाल्पा जिल्ह्यातल्या एका डोंगरगावच्या मंडळीत दोन आठवडे सेवेला राहून आलो. मंडळीतल्यांना ऐकायचं असतं, किती आत्मे जिंकले, म्हणजे किती जण ख्रिस्ती झाले. शेजारपाजाऱ्यांना वाटतं, बाई लोकांना बाटवायला गेल्या होत्या. दोघांनाही मी खरं तेच सांगते आणि दोघंही हिरमुसतात. मी शिडी धरली.

जायच्या आधी चार महिने आमची तयारी चालली होती. हिंदीत साक्षी, म्हणजे येशूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणारी भाषणं, पाठ केल्या, एक नाटुकलं बसवलं, मुलांसाठी मी रंगीत चित्रं काढली. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई, ती चित्रं काढणारच. ऐनवेळी एक तरुण गळाला आणि त्याच्या जागी आमचा वायरमन भाऊ आला. मंडळीच्या पंचांनी त्याच्यावर तासभर खल केला होता. त्याला ना साक्ष देता येते ना गाता येतं, नेऊन करायचं काय?

भुसावळला कुशीनगर एक्सप्रेस धरली, गोरखपूरला उतरलो, बसने सोनौली गाठली आणि सरहद्द पायी ओलांडली. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र जवळ ठेवलं होतं. आपल्या शंभराचे तिकडे एकशे साठ होतात आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. बुटवलच्या पुढे घाट लागला. त्या घाटाबद्दल एवढंच सांगते की मी खिडकी सोडली नाही.

पहिल्याच संध्याकाळी तिथल्या पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, चहा दिला, आमचं नाटुकलं, साक्षी, चित्रं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिदी, बाजारात काही करू नका. तुम्ही चौदाव्या दिवशी गाडीत बसाल. पोलीस पंधराव्या दिवशी माझ्याकडे येतील."

नेपाळच्या संविधानातच कुणाचं धर्मांतर करायला मनाई आहे. त्यावर २०१८ च्या ऑगस्टपासून नवी फौजदारी संहिता लागू झाली. तिच्यात या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. हे आम्ही घरून निघण्याआधी वाचायला हवं होतं. वाचलं नव्हतं. प्रार्थना मात्र भरपूर केली होती.

मग मी विचारलं, तुम्हाला आमच्याकडून हवं तरी काय? त्यांनी वर बोट दाखवलं. पत्र्याचा नवा हॉल उभा होता, आत एक उघडी वायर आणि एक बल्ब. आम्ही सगळ्यांनी वायरमन भाऊकडे पाहिलं. त्यानेही आमच्याकडे पाहिलं, आणि मला तो तेव्हा थोडा हसल्यासारखा वाटला.

सामान बुटवलहून आणलं. पुढचे चार दिवस तो वर, मी खाली. जमीन उतरती, शिडी बांबूची, म्हणून ती दोन्ही हातांनी आणि एका पायाने धरावी लागायची. चौतीस वर्षं मी सूचना दिल्या होत्या. आता वरून सूचना यायच्या. "बाई, पक्कड. ही नाही, ती." बाकीचे दोघं बटाटे सोलायला आणि पाणी वाहायला.

शिडी धरून उभं राहिलं की माणसाला लहानपण आठवायला वेळच वेळ. आमच्या नवापूरकडच्या गावात मी सातवीत असताना गोऱ्या पाहुण्यांची टोळी आठ दिवसांसाठी आली होती. त्यांनी प्रार्थनामंदिराला रंग दिला. आई आणि इतर बायका रोज त्यांच्यासाठी पाणी उकळायच्या, तिखट कमी केलेलं वेगळं रांधायच्या; ज्वारीची कापणी चालू होती, तरी शेत सोडून. निघताना पाहुणे रडले, आम्हीही रडलो. ते गेल्यावर माझ्या वडिलांनी आणि दोघा पंचांनी फरशीवरचे रंगाचे डाग पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढले आणि भिंतीला दुसरा हात दिला. कुणी तक्रार केली नाही. पाल्पात आम्ही उतरलो होतो त्या घरची आजी पहाटे चारला उठून आम्हा चौघांसाठी पाणी उकळायची, ते पाहिल्यावर मला आईची चूल आठवली आणि मी पाचव्या दिवसापासून चारला उठू लागले. आजीला ते आवडलं नाही. दोघी मुकाट्याने फुंकणी फुंकायचो.

उपासना शनिवारी. तिकडे तेव्हा सुट्टीच शनिवारची होती, रविवारी लोक कामावर असायचे. चपला बाहेर, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मध्ये मादल, तिकडचा ढोल. भेटला की जो तो "जयमसी" म्हणतो. हजेरीवही उघडून दाखवली तर साल तिकडच्या विक्रम संवताचं, २०७६, आणि वर आपल्याच अक्षरांत लिहिलेलं "मण्डली". आपली मंडळी, नुसता ळ तेवढा नाही. माझं नाव त्यांनी न अडखळता वाचलं. आडनावाशी मात्र सगळे थबकले.

परतताना पाल्पा जिल्ह्याच्या मुख्य गावी, तानसेनला थांबलो. तिथलं मिशन हॉस्पिटल १९५४ पासूनचं. पक्ष्यांचा अभ्यास करायला आलेल्या एका अमेरिकन माणसाच्या सहलीतून ते उभं राहिलं, आणि सरकारची अटच होती की दवाखाना चालवा, धर्मांतर करू नका. ओपीडीची रांग पाहून मला आपल्या नवापूरकडच्या चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल आठवलं. तीच बाकं, तीच पोटाशी धरलेली पोरं, तेच गाठोड्यातले डबे.

आता पैशांचं, कारण तेही विचारतात. चौघांचा मिळून साधारण छत्तीस हजार खर्च आला. बुटवलचा वायरमन यातल्या थोडक्या पैशांत तेच काम करून गेला असता. हे मी पाळकांना तोंडावर म्हणाले. ते म्हणाले, हो, करून गेला असता. एवढंच म्हणाले. पुढे काही गोड बोलतील म्हणून मी थांबले होते, पण ते चहा प्यायला लागले. म्हणून कुणी जाऊ का विचारलं, तर मी आधी पत्र पाठवून त्यांना काय हवंय ते विचार म्हणते, आणि उत्तर "पैसे" आलं तर पैसेच पाठव.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी त्यांचा फोन आला. व्यासपीठावरचा दिवा लागेना. वायरमन भाऊ आमच्याकडेच जेवायला होता. त्याने स्पीकरवर एकेक वायर सांगितली, तिकडून कुणी तरी वर चढून "हो, हो" म्हणत होतं. मी मध्येच तोंड घातलं, "खाली शिडी कोणी धरलीय का?"

"आजीने," पाळक म्हणाले.