नाळीची भाजी ओळखताना

गावतळ्याच्या काठाला, खाचरालगतच्या पाणथळीत, पाटाच्या कडेला नाळी पसरते. ही गोड्या पाण्याची वेल. पुळणीवर जांभळ्या फुलांची वेल दिसली तर ती मर्यादवेल. तिचं पान टोकाला आपट्यासारखं दुभंगलेलं असतं.

फुलावर जाऊ नका. नाळी, मर्यादवेल आणि बेशरम एकाच गोत्रातल्या, तिघींची फुलं नरसाळ्याच्या आकाराची. यातली बेशरम विषारी. ती खाणाऱ्या शेळ्यांना कंप सुटतो, तोल जातो. आणि नेमकी तीही तळ्याकाठीच माजते.

पुष्कळ जण दांडा मोडून पोकळ आहे का तेवढं बघतात. ते पुरेसं नाही. बेशरमचा दांडाही पोकळ असू शकतो आणि पांढरा चीक दोघींना येतो. म्हणून आधी अख्खी वेल बघा. नाळी पाण्यावर तरंगते किंवा चिखलावर लोळते, पेरापेराला मुळं सोडते. दांडा रसरशीत, नखाने कट्कन तुटणारा. बेशरमचं झुडूप कमरेच्या वर उभं राहतं, बुंधा लाकडी होतो. नाळीचं पान गुळगुळीत, बहुधा बाणाच्या टोकासारखं, देठाकडे दोन कान काढलेलं. एकाच तळ्यात अरुंद आणि रुंद दोन्ही पानं सापडतात. बेशरमचं पान मोठं, बदामी, लांब निमुळत्या टोकाचं, आणि खालून बोट फिरवलं की बारीक लव लागते. शंका उरली तर खुडू नका.

वेल ओळखली तरी पाणी बघायचंच. गटार, कारखान्याचं सांडपाणी मिळणाऱ्या तळ्यातली नाळी नकोच. शिसं, कॅडमियम वेलीच्या आत शोषलं जातं, धुऊन जात नाही.

वीतभर कोवळे शेंडेच घ्या. फुलं धरली की दांडे दोरीसारखे चिवट होतात. मुळं असलेली पेरं काढून टाका, दांडे उभे चिरा, कारण पोकळीत चिखल आणि किडे बसतात. तीन-चार पाण्यांतून धुवा. कच्ची कधीच खाऊ नये, पाणवनस्पतींवर जंतांच्या पुटी, म्हणजे कवचात दडलेल्या बारीक अळ्या, चिकटलेल्या असू शकतात.

भाजी शिजून फार आळते, चौघांना दोन मोठ्या जुड्या लागतात. तेलात सात-आठ लसूणपाकळ्या आणि मिरची, मग आधी दांडे, तीन-चार मिनिटांनी पानं. सगळं एकदम टाकलं तर पानांचा लगदा होतो आणि दांडे कच्चे राहतात. मीठ भाजी आळल्यावरच घाला. खोबरं शेवटी, भाजलेला जवळा असेल तर तोही तेव्हाच.