ढाळ कुठल्या बाजूला?

८ नोव्हेंबर, शनिवार. स्टुटगार्ट, जर्मनी

आई आल्या दिवसापासून बाथरूममध्ये जमिनीकडे बघत काहीतरी शोधतेय. आज शेवटी तिने विचारलंच, "इथलं पाणी जातं कुठून गं?"

टबाला भोक आहे, बेसिनला आहे. जमिनीला काहीच नाही. फरशी सपाट, ढाळ नाही, नहाणी ट्रॅप नाही, दाराशी पाणी अडवायला उंबरठाही नाही. "मग बाथरूम धुवायचं कसं?" धुवायचं नाही, पुसायचं, असं सांगितल्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात माझ्या इथल्या सगळ्या वर्षांचा हिशेब होता.

आपल्याकडे बाथरूमची फरशी बसली की गवंडी बादलीभर पाणी ओततो आणि घरातली वडीलधारी माणसं भोवती उभी राहून बघतात. पाणी ट्रॅपकडे पळालं तर काम पास. कोपऱ्यात टिचभर जरी साचलं तरी आमचे बाबा फरशी उखडायला लावतात. इथलं बाथरूम या परीक्षेला बसणारच नाही. टबात उभं राहायचं, पडदा टबाच्या आत सोडायचा, बाहेर पाऊल टाकायचं ते पायपुसण्यावर. फरशीवर पाणी येणं हा इथे अपघात. ते खालच्याच्या छतात उतरलं तर भरपाई द्यावी लागते, म्हणून बहुतेकांनी त्याचा विमा काढलेला असतो. नव्या इमारतींमध्ये जमिनीलगतचा शॉवर असतो, पण ढाळ त्या शॉवरच्या चौकोनापुरताच. त्याच्या पलीकडे पुन्हा वाळवंट.

बाबा साताऱ्यातच थांबलेत. घराचं काम काढलंय: बाथरूम, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडच्या खिडक्या. कंत्राटदार रोज काहीतरी नवं सुचवतो आणि बाबा रोज मला फोन करतात, कारण मी 'तिकडे' राहते. आजचा प्रश्न: "तो म्हणतोय ड्राय बाथरूम करू, परदेशात असतं तसं. करायचं का?"

उद्या सांगते म्हटलं. आई मागून म्हणाली, "उद्या कशाला? नाही म्हणून सांग."

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज स्वयंपाकघर. बाबांना मोजमापासकट फोटो हवे होते.

आम्ही हे घर भाड्याने घेतलं तेव्हा इथे ओटा नव्हता. सिंक नव्हतं, कपाटं नव्हती, शेगडी नव्हती. भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे पाइप आणि शेगडीसाठीची जाड वायर, बास. आधीच्या भाडेकरूंनी अख्खं स्वयंपाकघर सुटं करून नव्या घरी नेलं होतं. खोल्यांमध्ये दिव्यांच्या जागी छतातून वायरी लोंबत होत्या, कारण दिवेही त्यांचेच. जर्मनीत हे सर्रास चालतं. कधी कधी जाणारा भाडेकरू आपला ओटा येणाऱ्याला विकतो, आणि घर मिळवायची घाई असेल तर न आवडलेली कपाटंही मुकाट्याने विकत घ्यावी लागतात. आपल्याकडे ओटा म्हणजे भिंतीत रुतलेला कडप्पा नाहीतर ग्रॅनाईट. भाडेकरू तो घेऊन गेला असं कुणाला सांगितलं तर पोलिसांत तक्रार केलीस का, असं विचारतील.

गंमत अशी की आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याचा उगम इथलाच, फ्रँकफर्टचा. १९२६ मध्ये नगररचनाकार एर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली तिथे कामगारांसाठी मोठ्या गृहवसाहती उभ्या राहत होत्या. त्यांच्यासाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या तरुण वास्तुविशारद बाईंनी १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं, म्हणजे साधारण सहा बाय अकरा फुटांचं स्वयंपाकघर आखलं. नमुना समोर होता रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या चिंचोळ्या किचनचा. बाईची पावलं कमी पडावीत म्हणून कुठली गोष्ट कुठे हवी याचा हिशेब मांडला. सलग ओटा, वर बंद कपाटं, दुमडून भिंतीला लावायची इस्त्रीची फळी, कोरड्या जिनसांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे छोटे खण, उचलून थेट पातेल्यात ओतता येतील असे. सुमारे दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. पुढे त्याची नक्कल जगभर झाली आणि शेवटी ट्रॉल्यांच्या रूपाने साताऱ्यातही पोचली. हे डिझाइन करेपर्यंत आपण कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाक केला नव्हता, असं या बाईंनी पुढे स्वतःच सांगितलं.

ते जाणवतं. माझं स्वयंपाकघर त्याच घराण्यातलं, लांबट, दोन्ही अंगांना कपाटं. एकटीने करायचं तर खरंच सोपं. सगळं हाताशी, वळलं की सिंक, पुन्हा वळलं की शेगडी. पण रविवारी आई पोळ्या लाटायला उभी राहिली आणि मला फ्रिज उघडायचा होता, तर तिला बाहेर यावं लागलं. पुरणपोळ्यांच्या दिवशी आमच्या घरी एक पुरण वाटायला, एक लाटायला, एक तव्यापाशी आणि एक नुसती गप्पा मारायला, अशा चौघी आत असतात. चौथीचं काम सगळ्यांत महत्त्वाचं. पावलं मोजणाऱ्या आराखड्यात तिला जागा नाही. आणि खाली बसून काही करायची सोय इथे नाहीच: जमीन बसण्यासाठी नसते, चालण्यासाठी असते.

आईचा ताजा आक्षेप प्लगवर आहे. इथल्या सॉकेटला बटण नसतं, त्यामुळे वीज कायम वाट बघत उभी. मिक्सर लावायच्या आधी ती अजून बटण चाचपते आणि काम झालं की वायर उपसून बाजूला ठेवते. रात्री मोबाइलच्या चार्जरचंही तेच. हे काही चुकीचं नाही, म्हणून मी बोलत नाही.

बाबांना कळवलं: ट्रॉल्या करा, पण ओटा एल आकाराचा घ्या आणि मधली जमीन मोकळी सोडा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बाहेर चार अंश. सकाळी मी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि आईने शाल ओढून घेत, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" विचारलं.

इथल्या खिडकीच्या दांड्याला तीन घरं असतात. दांडा खाली, खिडकी बंद. आडवा केला की ती दारासारखी आत उघडते. वर केला की फक्त वरची कड आत कलते, खालची जागेवर राहते. पाऊस फारसा आत येत नाही, हवा मात्र खेळते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला बिजागऱ्या निखळल्या असंच वाटलं होतं. आता विचाराल तर या देशातली सगळ्यांत हुशार वस्तू हीच.

सताड उघडण्याचं कारण वेगळं. ही घरं थंडीसाठी इतकी घट्ट बांधलेली असतात की दारं-खिडक्यांच्या फटींतून हवा जवळजवळ येतच नाही. आपला श्वास, आंघोळ, कुकरची वाफ, घरातच वाळत घातलेले कपडे, सगळा ओलावा आत कोंडतो. बाहेरची भिंत थंड, तिच्यावर तो बसतो आणि कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी धरते. म्हणून थंडीतही दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून पाच-दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या. ओली हवा बाहेर जाते, थंड कोरडी हवा आत येते, आणि भिंती गरम असतात म्हणून घर पटकन पुन्हा तापतं. दिवसभर खिडकी कलती ठेवली तर उलटं होतं, भिंतीच गार पडतात. हे भाडेकरारातही लिहिलेलं असतं. वारा घेणं हा भाडेकरूच्या कर्तव्यांचा भाग.

आई म्हणाली, "आपल्याकडे वारा न विचारता येतो." खरंय. आजीच्या घरात छपरालगत झरोके होते, ते बंद करायची सोयच नव्हती. न्हाणीघराच्या खिडकीला काचेच्या तिरक्या पट्ट्या, त्यातली एक कायम फुटलेली. आपण घर बांधतो ते पाणी बाहेर काढायला आणि वारा आत घ्यायला. हे लोक बांधतात ते ऊब आत कोंडायला. पाण्याने पाइपातच राहायचं आणि वाऱ्याने वेळापत्रकाने यायचं.

हीटरवरचे आकडेही तिला समजावले. १ ते ५ म्हणजे पंख्याचा वेग नव्हे. ३ म्हणजे खोली साधारण वीस अंश. मग तो स्वतःच थांबतो. ५ वर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही. हे इथल्याही अनेकांना माहीत नसतं.

आणि फोडणी! आमच्या शेगडीवरचा पंखा वास बाहेर टाकत नाही, जाळीतून गाळून तीच हवा परत खोलीत सोडतो. तुपातल्या जिऱ्यापर्यंत ठीक. सुक्या बोंबलाला ती जाळी दाद देत नाही.

बाबांचा फोन आलाच. कंत्राटदाराकडे यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, 'जर्मन खिडक्या' आहेत. मी म्हटलं, बाबा, घ्या, पण एक बघा. ही आत उघडते. तुमची पेपर वाचायची खुर्ची खिडकीला चिकटून असते, ती हलवावी लागेल, पडदाही आडवा येईल. बाहेर ग्रिल आणि मच्छरजाळी मात्र बिनधास्त लावता येते. साताऱ्याच्या आडव्या पावसात कलती खिडकी बरी पडेल.

खुर्ची म्हटल्यावर बाबा गप्प झाले.

१६ नोव्हेंबर, रविवार

आईला घेऊन किलेसबर्गच्या टेकडीवर वाइसेनहोफची घरं बघायला गेलो. १९२७ मध्ये मीस व्हॅन डर रोह यांच्या नेतृत्वाखाली सतरा वास्तुविशारदांनी 'नव्या राहणी'चं प्रदर्शन म्हणून इथे एकवीस इमारती बांधल्या. त्यांतल्या अकरा उरल्यात. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या जोडघरात आता संग्रहालय आहे. २०१६ मध्ये त्यांच्या निवडक कामांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्या एकाच यादीत त्यांची इथली घरं आणि चंदीगडचं कॅपिटॉल संकुल दोन्ही आहेत.

आत मजा आली. दिवसा एक सलग मोठी खोली. रात्री सरकत्या भिंती ओढून तिचे कप्पे करायचे आणि कपाटांखाली दडवलेले पलंग बाहेर ओढायचे. बाजूची बोळ इतकी अरुंद की आगगाडीच्या डब्यात असल्यासारखं अंग चोरून जावं लागतं. एवढा मोठा आधुनिक प्रयोग आणि आई म्हणते, "हे तर गिरगावात मावशीकडे होतं. दिवसा बैठक, रात्री गाद्या. फक्त तिथे नऊ माणसं झोपायची." संग्रहालयातल्या बाईंना मी हे भाषांतर करून सांगितलं. त्या हसल्या, पण वहीत लिहूनही घेतलं.

वर सपाट छप्पर. १९२७ च्या जर्मनीत उतरत्या कौलांशिवाय घर म्हणजे अनेकांना घरच वाटेना. या वसाहतीला 'अरब खेडं' म्हणून हिणवलं गेलं. फोटोत उंट आणि सिंह चिकटवलेलं एक कुत्सित पोस्टकार्डही निघालं. ते तिथे बघायला मिळतं. आई गच्चीत उभी राहून शहर न्याहाळत होती. ज्याच्यावर एवढा गदारोळ झाला त्याबद्दल तिला एकच शंका होती: "पापड वाळत घालायला बरी आहे. ऊन येतं का पण?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

आईचं नाव टपालपेटीवर चिकटवलं. इथे फ्लॅटला नंबर नसतो. बेलवर आडनाव, पेटीवर आडनाव, पत्त्यात फक्त इमारतीचा क्रमांक. आडनाव जुळलं नाही तर पत्र परत जातं. आईला भारी आवडलं. साताऱ्याच्या घराच्या दारावर फक्त बाबांच्या नावाची पाटी आहे, हे तिने त्याच वेळी मला सांगितलं. आता ते कामाच्या यादीत चढलंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आमची जिना झाडायची पाळी. दाराच्या मुठीवर 'केअरवोखे'ची पाटी लटकली की त्या आठवड्याचा जिना आपला. श्वाबेन प्रांताची ही खास रीत. तिचं मूळ पंधराव्या शतकातल्या काउंट एबरहार्डच्या हुकुमापर्यंत नेतात. आईने खराटा मागितला, मग बादली. पाणी ओतायचं नाही हे मी तीनदा बजावलं. तिने फडकं इतकं घट्ट पिळलं की तळमजल्याच्या आजी दार उघडून बघत राहिल्या आणि मान डोलावून आत गेल्या. स्टुटगार्टात याहून मोठं प्रमाणपत्र मिळत नाही. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. पण जिन्याच्या बाबतीत मुंबईने अजून काही उचललेलं दिसत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बाबांनी सगळं ठरवून टाकलं आणि मग व्हिडिओ कॉल केला. बाथरूममध्ये काचेची आडभिंत होणार, पण ढाळ दोन्ही भागांना आणि ट्रॅपही दोन. कंत्राटदार म्हणाला, काका, मग ड्राय कसलं? बाबा म्हणाले, दुपारपर्यंत वाळेल. कलती खिडकी फक्त आतल्या खोलीला. खुर्चीपाशी नेहमीची सरकती. मला हे सगळंच पटलं. काच लावून कोरडा कोपरा मिळतो हे चांगलंच आहे, पण जिथे वर्षानुवर्षं बादलीने पाणी ओतून घासायची सवय आहे तिथे ढाळ काढून टाकणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यात कडांना शेवाळ.

दारावरची पाटी दोघांच्या नावाची. तिचा फाँट कुठला, यावर दहा मिनिटं गेली.

मग ट्रॉल्या. ओट्याखालची सगळी जागा खणांनी भरलीय, चित्र झकास दिसतं. बाबा म्हणाले, "फक्त एकच राहिलं. आईला विचार, पाटा-वरवंटा ठेवायचा कुठे? तो म्हणतोय गच्चीत टाका."

आईने माझ्या हातातून फोन घेतला. "अहो, त्या माणसाला फोन द्या जरा."