फूटबोर्डातून निघालेला टॉवेल

मे महिन्यातलं सोलापूर. सकाळी दहालाच शेडचा पत्रा तापून कडकड वाजत होता. अशात डाइंगवाले अण्णा त्यांची जुनी ओम्नी घेऊन आले.

"मिस्तरी, सरकता दरवाजा अडकतोय. जरा ग्रीस मारून द्या. पुढच्या महिन्यात पासिंग आहे."

डावीकडून जॅक लावला. गाडी वर यायची सोडून जॅकच आत शिरला. कर्रर्र आवाज, आणि खाली ओंजळभर लाल भुगा.

माझ्या खिशात जुन्या स्पीकरचं चुंबक असतं. फूटबोर्डावरून, म्हणजे दरवाजाखालच्या पोकळ पत्र्यावरून, फिरवलं तर वीतभर जागेत कुठेच चिकटेना. वरून रंग चकाचक, आत सगळी पुट्टी. आधीच्या मिस्तरीने काय केलंय ते कळलं. अण्णांना म्हटलं, ग्रीसचं काम नाही हे. ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, सगळा भार बॉडीच उचलते. फूटबोर्ड सडला की बॉडी बसते, म्हणून दरवाजा अडकतोय.

"परत पुट्टी भरली तर?"

"मग दुसरीकडे न्या."

अण्णा गप्प बसले. मी कामाला लागलो.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, पेट्रोलची टाकी उतरवून शेडबाहेर लांब सावलीत ठेवली. पोरगा कुरकुरला, एवढ्याशा कामाला टाकी कशाला! ग्राइंडर लावला आणि दोन मिनिटांत फूटबोर्डातून धूर. आधी वाटलं रंग जळतोय. मग फटीतून जाळच दिसला. पोराने बादली रिकामी केली तेव्हा विझलं. पकडीने ओढून काढलं तर अर्धा जळालेला टॉवेल! भोक बुजवायला आत टॉवेल कोंबून वरून पुट्टी थापली होती. त्यानंतर पोरगा टाकीबद्दल बोलला नाही.

पण मला कोडं वेगळंच पडलं होतं. कोकणातल्या गाड्या सडतात, तिथली हवाच खारी. आपल्या कोरड्या सोलापुरात एवढा गंज? मागचं मॅटिंग उचललं. खाली पांढरी खपली. बोटावर घेऊन जिभेला लावली (लावू नये, रंगाचा माल असतो). खारट.

"अण्णा, गाडीत मीठ नेता काय?"

"मीठ कशाला? रंगवलेल्या सुताच्या ओल्या लडी नेतो." मग स्वतःच थांबले. रिॲक्टिव्ह रंग सुतात उतरायला मीठ लागतंच. लडी नीट धुतल्या नाहीत की ते खारं पाणी गाडीत ठिबकणार, पत्र्याच्या घडीतून फूटबोर्डात जाणार. पाणी निघून जायची भोकं पुट्टीने बंद, आत टॉवेल सदा ओला. वर्षानुवर्षं मुरत घातलेलं लोणचंच ते!

कापायच्या आधी दरवाजाच्या चौकटीत आडवा पाइप टॅक करून (वेल्डिंगच्या एकेका ठिपक्याने जोडून) घेतला. नाहीतर फूटबोर्ड निघताच चौकट दबते आणि मग दरवाजा जन्मात लागत नाही. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत गेलो. वीतभर वाटलं होतं, निघाला हातभर. आतली पोकळी गोड्या पाण्याने तीनदा धुतली, मीठ राहिलं तर नव्या रंगाखालीही गंज धरतो. वाळल्यावर पुठ्ठ्याचा फर्मा काढून १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा वाकवला.

वेल्डिंग मात्र सलग ओढायचं नाही. मूळ पत्रा पातळ, तापला की पापडासारखा वाकतो. इथे एक टॅक, दुसरा पार त्या टोकाला, हात लावण्याइतकं गार झालं की मधला. या उन्हात गार व्हायलाच वेळ लागतो, तोवर चहा. ग्राइंडिंग, प्रायमर, सांध्यांना सीलर, आत गंजरोधक मेण. पाण्याची भोकं नव्याने पाडली. दोन दिवस गेले.

सोमवारी अण्णांनी दरवाजा एका बोटाने सरकवला. दोनदा, तीनदा. मग कोपऱ्यात पडलेला तो जळका टॉवेल उचलला, उजेडात धरला, अंगठ्याने किनार चोळली.

"मिस्तरी, रंग बघा. एवढं होऊन उतरला नाही."