पहिली रेषा उमटली तेव्हा
आजचा दिवस आमच्या कुबरनेटीस क्लस्टरवर, म्हणजे कंटेनर नावाच्या स्वतंत्र कप्प्यांत ॲप्स चालवणाऱ्या सर्व्हरच्या समूहावर, देखरेखीची व्यवस्था उभी करण्यात गेला. प्रोमिथियस हे मोजमापे गोळा करून साठवणारे साधन स्वतः चालवायचे म्हटले, की त्याची डिस्क, बॅकअप आणि वाढता डेटा सांभाळणे आपल्याच गळ्यात पडते. म्हणून क्लस्टरमध्ये फक्त मेट्रिक्स, म्हणजे ही मोजमापे, गोळा करणारा छोटा प्रोग्राम (एजंट) ठेवून साठवण क्लाउडवरच्या व्यवस्थापित सेवेकडे सोपवली. दोन तास लॉगमध्ये ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, हाच एक आकडा येत राहिला. परवानगीच्या रोलमध्ये नेमस्पेसचे, म्हणजे क्लस्टरमधल्या आमच्या विभागाचे, नाव लिहिताना मी हायफनऐवजी अंडरस्कोर टाकला होता.

तो दुरुस्त केल्यावर ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या साधनावर पहिली रेषा उमटली, आणि ज्याबद्दल आम्ही आठवडाभर नुसते तर्क करत होतो ते समोर दिसले: एका कंटेनरची मेमरी हळूहळू चढत मर्यादेला टेकते आणि तो १३७ हा कोड देऊन, म्हणजे १२८ अधिक सक्तीने थांबवण्याचा सिग्नल ९, बंद पडतो.

वापरकर्त्याचा आयडी प्रत्येक मोजमापाला जोडलेले लेबल म्हणून पाठवणे मात्र मी लगेच थांबवले, कारण प्रत्येक नव्या मूल्यागणिक मोजमापांची स्वतंत्र मालिका तयार होते आणि आमचे बिल नमुन्यांच्या, म्हणजे पाठवलेल्या एकेका मोजमापाच्या, संख्येवर ठरते. उद्या अलर्टचे नियम लिहायला घेईन. रात्रपाळीच्या सहकाऱ्यांची झोप विनाकारण मोडू नये, याची मला मनापासून काळजी आहे.